मोहाखालची तीन लुगडी

माझ्या हातून आयुष्यात एकच आग लागली आणि तिची नोंद थेट आकाशातल्या उपग्रहानं घेतली.

लोक जन्मभर धडपडतात, त्यांची दखल ग्रामपंचायतसुद्धा घेत नाही. मी मात्र एका शनिवारी दुपारी चार वाजता आगपेटीतली एक काडी ओढली आणि अंतराळात पोचलो! त्या आगीत नेमकं काय जळलं, ते उपग्रहाला दिसलं नाही. ते माझ्या बायकोला दिसलं. आणि ती वस्तू तिथं आहे, हे तिनं मला त्याच दुपारी, जेमतेम दोन तास आधी, स्वच्छ शब्दांत, दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा "हं" म्हणालो होतो.

या "हं"ची हकीकत आधी सांगतो. माझ्या अपराधाचं मूळ तिथं आहे.

मी गोंडपिपरीला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. वय त्रेपन्न. फेब्रुवारीत आम्हा वीस-बावीस कर्मचाऱ्यांना एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठी चंद्रपूरला नेलं. विषय होता स्त्री आणि पुरुष यांची मनं. सकाळच्या सत्रात दोघांमधले फरक आणि जेवणानंतरच्या सत्रात साम्य. शिकवायला एक हसऱ्या बाई होत्या. त्यांनी फळ्यावर दोन मोठी वर्तुळं काढली आणि म्हणाल्या, "सगळ्या बायका अशा आणि सगळे पुरुष तसे, असं मुळीच नाही. पण पुष्कळ घरांत एक गोष्ट दिसते." (हे "सगळे नाही" मी वहीत घेतलं नाही. जागा होती, पण मला पुढच्या वाक्याची घाई होती.) "बाई आपलं काही दुखलं-खुपलं सांगते, तेव्हा तिला लगेच उपाय नको असतो. कुणीतरी ऐकणारं हवं असतं. पुरुष मात्र वाक्य पुरं व्हायच्या आत उपाय सांगून मोकळा होतो. तर आजपासून घरी काय करायचं? डोळ्यांत बघायचं, मान हलवायची आणि मध्येमध्ये 'हं' म्हणायचं."

ते मला नेमकं लागलं. का लागलं, ते पुढं सांगतो. मी ते वाक्य वहीत उतरवलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि चौकटही केली.

मग जेवण झालं. वडाभात होता. वरून फोडणीचं गरम तेल. मी दोनदा घेतला. त्यामुळे दुपारच्या सत्रातलं माझ्या वहीत जे आहे ते असं : "साम्य : १)" आणि त्यापुढं पेनाची एक रेघ, जी हळूहळू उतरत पानाच्या तळाशी जाऊन थांबते.

"हे काय हाय?" मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वही चाळताना विचारलं. "वैनगंगा काढली का?"

तर मी चंद्रपूरहून अर्धंच शिक्षण घेऊन आलो. फरक तेवढे पाठ, साम्य शून्य. आणि त्याच अर्ध्या शिक्षणाचा प्रयोग दुसऱ्या दिवसापासून घरात सुरू केला.

"अहो, गॅस संपला," मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी आत गेलो. तिच्या डोळ्यांत बघितलं. मान हलवली. "हं. तुला कसं वाटून राह्यलं?"

"कसं वाटून राह्यलं म्हणजे? वांगे अर्धे कच्चे हाय! सिलिंडर बदला!"

चार दिवसांनी मी कचेरीला निघालो असताना ती मागून ओरडली, "अहो, तुमची पँट मागून उसवली हाय!"

मी वळलो. शांतपणे म्हणालो, "हं. मी समजू शकतो."

"तुमी समजून काय करता? कचेरीतले लोकं समजून घेतीन आता!"

मी चिडलो नाही. सराव व्हायला वेळ लागतो. शिवाय मंदा एका खाजगी शाळेत मास्तरीण आहे. तिला शिकवायची सवय, कुणी शिकल्याची नाही. महिनाभरात मला ते इतकं जमलं, की ती बोलायला लागली की माझी मान आपोआप हलायची, "हं" आपोआप यायचं, आणि मी मनातल्या मनात दुसऱ्याच कामाला मोकळा असायचो! ऐकण्याची सगळी लक्षणं, आणि ऐकणं तेवढं नाही.

आता त्या बाईंचं बोलणं मला का लागलं, ते.

आमचं गाव गोंडपिपरीपासून अठरा किलोमीटर, जंगलाच्या तोंडाशी. वडील गेल्यावर माय तिथं एकटीच राहायची. शेताच्या बांधावर आमचं एक मोहाचं झाड आहे. आमच्याकडे मोहाची झाडं घराण्यात वाटून घेतलेली असतात. कुणाचं झाड कुठलं, हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक असतं. मायला ते झाड तिच्या सासूनं दिलं होतं, आणि माझ्या लग्नात मायनं मांडवातच जाहीर केलं होतं, "माह्यामागं हे झाड मंदाचं. पोराचं नाई. पोरगा झोपते." मार्चमध्ये पहाटे फुलं गळतात, ती उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात. मी मुलगा असताना एकदाही वेळेवर उठलो नव्हतो, हे खरं आहे.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मायचा फोन आला. मंदा पोळ्या करत होती, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवला.

"बापू, यंदा मोहा लय पडून राह्यला रे."

"मग माय, माणूस लाव ना एखादा."

"माणूस कुठी भेटते आता? सारे आपापल्या झाडाखाली."

"तुळशीरामभाऊले सांगतो मी." तुळशीरामभाऊ म्हणजे शेजारच्या शेतातले म्हातारे.

"तो बी त्याच्या झाडाखालीच हाय." ती जरा थांबली. "अन् टोपली बी फाटली."

"हे सांग ना मग आधी! टोपली पाठवतो."

आणि पाठवली! दुसऱ्याच दिवशी बाजारातून निळं, मोठं प्लास्टिकचं टोपलं घेतलं, एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं, संध्याकाळी ते मायच्या दारात. माझी तत्परता पाहून मीच खूष झालो. मायनं फोन केला, "पोचलं तुझं टोपलं. मोठं हाय."

"मुद्दामच मोठं घेतलं."

"हं," ती म्हणाली.

चार दिवसांनी पहाटे माय गेली. झाडाकडे निघालेली दारातच बसली, ती बसलीच. तुळशीरामभाऊंनी पाहिलं. मी पोचलो तेव्हा निळं टोपलं दाराबाहेरच्या खुंटीला टांगलेलं होतं. दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती त्याला.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "माय, शनिवारी येतो." तीन शब्द! ती मोहाचा भाव सांगायला फोन करत नव्हती, टोपलीची मागणीही नव्हती. ये म्हणत होती. मी उपाय सांगितला. प्रशिक्षणात त्या बाई जेव्हा म्हणाल्या, "वाक्य पुरं व्हायच्या आत," तेव्हा मला वाटलं, या बाई आमच्या ओट्यापाशी उभ्या होत्या की काय.

मायच्या मरणात मी रडलो नाही. मला वेळच नव्हता. लाकडं, मंडप, पाहुण्यांचं जेवण, तेरवीचं सामान, मृत्यूच्या दाखल्याच्या वीस झेरॉक्स. (वीस कशाला? अजून सतरा कपाटात आहेत.) पुरुष माणूस असंच दुःख करतो, अशी मी माझी समजूत घातली. पण मंदाही रडली नाही. बायका रडतात म्हणतात, ही नाही. गावच्या बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि ही कोरड्या डोळ्यांनी चहा वाटत होती. तेरवीनंतर मायचे कपडे वाटायचे होते. तिनं विचारलं, "बाईच्या लुगड्यांचं काय करू?" (ती मायला "बाई" म्हणायची.) मी म्हणालो, "दे वाटून." तिनं वाटली असतील, असं मी समजलो. पुन्हा विचारलं नाही. पण मनात एक कडू गोळा धरून ठेवला : सासूच होती ना, हिची माय थोडीच होती.

वर्षभर धरला मी तो गोळा. हे लिहायची लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो.

आता ह्या मार्चला या. मंदा म्हणाली, "माझं झाड हाय, मी वेचाले जाणार." दर शनिवार-रविवार ती गावी जाऊन मायचं घर उघडायची. त्या शनिवारी मीही गेलो. पहाटे ती तुळशीरामभाऊंच्या घरच्या शेवंताबाईसोबत झाडाकडे गेली. मी मायचं भाकीत खरं करत झोपलो. ती उन्हं चढल्यावर डोक्यावर मोहाची टोपली घेऊन परतली, आणि जेवणं झाल्यावर दुपारी दोनच्या सुमाराला अंगणात मोहा वाळत घालता घालता बोलत होती. मी खाटेवर बसून डोळ्यांत बघत होतो.

"झाडाखाली पाला एवढा हाय ना, की मोहा दिसतच नाई. मी तीन लुगडी आंथरली होती, त्याच्यावरचाच वेचला."

"हं."

"येताना लुगडी तिथीच ठेवली. डोक्यावर मोहा आणू का लुगडी आणू? घडी करून बुंध्याशी ठेवली अन् वरतून पाला टाकला. नाई तं गुरं चावतात."

"हं." मान.

"सांजच्याले जाऊन पुन्हा आंथरीन. तुमी तिकडं फिराले गेले तं त्या ढिगाले हात नोका लावू. ऐकलं ना?"

"हं. थकली असशील तू."

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तब्येत बरी हाय ना तुमची?"

मी काय ऐकलं होतं? "झाडाखाली पाला लय हाय, मोहा दिसत नाई." बस. पुढचं सगळं "हं"च्या हवाली. आणि मग माझ्या डोक्यात तो तेजस्वी विचार आला. ऐकून घेणं तर झालंच. आता कुणी न सांगता गुपचूप उपायही केला, तर? म्हणजे बाईचंही समाधान, पुरुषाचंही! मंदा शेवंताबाईकडे गेली तशी मी खुंटीवरचं निळं टोपलं काढलं, चुलीपाशी पडलेली आगपेटी खिशात घातली आणि निघालो.

आमच्या भागात मोहा वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. जुनी रीत आहे आणि तिच्यापायी दरवर्षी जंगलं पेटतात. म्हणून आमच्या कचेरीतून एक पत्रक निघालं होतं, "मोहफुले वेचण्यासाठी पालापाचोळा जाळू नये." ते टंकलं मी. आणि ह्याच गावच्या सभेत माईक हातात धरून मोठ्यानं वाचून दाखवलं, तेही मीच!

पण तेव्हा मी पत्रकाच्या बाजूनं होतो, आता मोहाच्या बाजूनं होतो. माणूस बाजू बदलली की किती समजूतदार होतो! आपण थोडाच जाळणार आहोत, नीट, शिकल्या माणसासारखा, असं म्हणत मी पाला ओढायला लागलो. बुंध्याशी कुणीतरी आधीच छान ढीग करून ठेवला होता. (कुणीतरी!) मला बरं वाटलं. अर्धं काम झालेलं. बाकीचा पाला टोपल्यानं आणून मी त्याच ढिगावर ओतला आणि काडी लावली.

ढीग भसकन पेटला. पहिली दोन मिनिटं मी कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत होतो. मग वाऱ्यानं बाजू बदलली (तोही माझ्यासारखाच) आणि जाळ बांधावरच्या वाळल्या गवतात शिरला. गवताच्या पलीकडे जंगल.

मी टोपलं उचलून बोडीकडे, म्हणजे शेतातल्या तळ्याकडे, धावलो. मार्चची बोडी, कडेला चिखल आणि मध्ये हातभर पाणी. मी घसरलो, बसलो, उठलो, टोपलं भरलं आणि धावत आलो. आगीपाशी येऊन ओतलं तर आत चार थेंब! वर्षभर खुंटीवर उन्हं खाऊन टोपल्याला तळाशी बोटभर चीर गेली होती. मी पुन्हा धावलो. पुन्हा भरलं. पुन्हा चार थेंब. तीन खेपांत मी बोडीपासून झाडापर्यंतची सगळी वाट शिंपून काढली. आग तेवढी कोरडी राहिली. आणि त्या धावपळीतही मला दिसत होतं, की टोपल्याच्या काठाला ती दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे.

तुळशीरामभाऊ ओरडत आले, "अरे बापू! टोपलं सोड! डांगा तोड डांगा!" त्यांनी झुडपाची हिरवी फांदी तोडली आणि सत्तरी ओलांडलेल्या हातांनी आग झोडपायला सुरुवात केली. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक पंचविशीतली मुलगी आली, खाकी कपड्यांत. वनरक्षक. तिनंही फांदी तोडली. दोघांनी मिळून आग विझवली. मी मध्ये उभा राहून कुणाच्या तरी फांदीचा मार खाल्ला.

"कोणाची हाय ही आग?" मुलीनं घाम पुसत विचारलं.

"सायबाची," तुळशीरामभाऊ म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. चिखल, राख आणि त्यामागं मी. "तुमी ते कचेरीतले भाऊ ना? गावसभेत ते पत्रक वाचणारे? माईकवर?"

"हं," मी म्हणालो. (त्या महिन्यातलं पहिलं खरं "हं".)

तेवढ्यात धूर पाहून मंदा आली. धापा टाकत. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सरळ बुंध्याशी गेली, खाली बसली आणि एका काटकीनं राख उकरू लागली. तेव्हा मला वास आला. पाला जळल्याचा नव्हे, कापड जळल्याचा.

"लुगडी कुठी हाय?" ती म्हणाली.

"कोणती लुगडी?"

"अहो, बाईची! सांगितलं ना तुमाले! दोनदा सांगितलं!"

तिच्या काटकीच्या टोकाला एक तुकडा आला. हातभरच, जांभळ्या लुगड्याचा पदराकडचा कोपरा, आणि त्यावर खाकी ठिगळ. ते ठिगळ मी ओळखलं. पाचवीत असताना माझी शाळेची चड्डी फाटली, तेव्हा मायनं तिचं चांगलं राहिलेलं कापड कापून आपल्या लुगड्याला लावलं होतं. मी तेव्हा रडून गाव डोक्यावर घेतलं होतं, की माझी चड्डी तुझ्या अंगावर सारे पाहतीन!

मंदानं तो तुकडा पदरात घेतला आणि रडायला लागली. साधं रडणं नव्हे. वर्षभर अडवलेलं पाणी बांध फोडून येतं तसं. "तीनच राहिली होती, तीनच," एवढंच म्हणत होती.  मी राखेतच बसलो आणि मीही रडायला लागलो. मोठ्यानं. त्रेपन्नाव्या वर्षी. पाचवीतल्यासारखा.

वनरक्षक मुलगी घाबरली. एकदा हिच्याकडे पाहे, एकदा माझ्याकडे. "बाई... भाऊ... रडू नोका ना! मी अजून दंडाचं नावबी घेतलं नाई!"

"काऊन रे बापू," तुळशीरामभाऊ मला म्हणाले, "तुह्या मायच्या मौतीत नाई रडला, अन् आता पाल्यासाठी रडून राह्यला?"

आणि नेमका तेव्हाच त्या मुलीचा मोबाइल वाजला. तिनं पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "हे पहा. वरतून मेसेज आला. उपग्रहाले दिसली तुमची आग."

शेकडो मैलांवरून एका यंत्राला आमच्या झाडाखाली काय चाललंय ते कळलं. मी खाटेवर हातभर अंतरावर बसलो होतो.

मुलीनं आम्हाला सोडलं, एकाच अटीवर. येत्या गावसभेत तेच पत्रक मी पुन्हा वाचायचं. ती आणि तुळशीरामभाऊ गेल्यावर आम्ही दोघं बांधावर बसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर मंदाच बोलली.

"तुमाले राग हाय ना माह्यावर? मी बाईच्या वेळी रडली नाई म्हणून?"

मी "हं" म्हणणार होतो. जीभ चावली. "हाय," म्हणालो. "होता."

"कोणत्या तोंडानं रडू मी?" ती समोर बघत म्हणाली. "तुमी फोन ओट्यावर ठेवला होता. बाई म्हणून राह्यली होती, मोहा लय पडून राह्यला. मले तं पहिल्याच बोलण्यात समजलं, की बोलवून राह्यली. तुमाले नाई समजलं, मले समजलं होतं."

"मग बोलली काऊन नाई?"

"फुगली होती मी. संक्रांतीले बाई चार बायांसमोर म्हणली होती, मंदाच्या तिळाच्या लाडवानं माहा दात हालला. म्हटलं, बोलवाचं असन तं माहं नाव घेऊन बोलवा. मंदा, ये म्हणा. मी पोळी लाटत राह्यली." तिनं पदरातला तुकडा उलटसुलट केला. "तुमी टोपलं पाठवलं. मी तं तेबी नाई पाठवलं."

एका ओट्यापाशी आम्ही दोघं उभे होतो. एकाला कळलं नाही, एकीला कळलं. आणि गेलं कुणीच नाही. मग वर्षभर एका घरात, एका ताटापलीकडे बसून, दोघांनी एकच दुःख आपापल्या कपाटात लपवलं. मी सतरा झेरॉक्सच्या खाली, तिनं तीन लुगड्यांत. ती ती लुगडी झाडाखाली अंथरायची, कारण मोहाचा वास लागला की त्यांना मायचा वास येतो, असं ती म्हणाली. आणि मी ती जाळली. तिचं काम सोपं व्हावं म्हणून.

घरी आल्यावर मी प्रशिक्षणाची वही काढली. "साम्य : १)" यापुढं वैनगंगेच्या उगमापाशी थोडी जागा होती. तिथं मी लिहिलं, "दोघंही जात नाहीत." मंदानं वाचलं. मास्तरीण असूनही तिनं काही दुरुस्त केलं नाही.

गावसभेत मी पत्रक पुन्हा वाचलं. माईकवर. "पालापाचोळा जाळू नये" म्हटल्यावर मागून तुळशीरामभाऊंचा आवाज आला, "अन् खाली लुगडी असली तं?" सभा पाच मिनिटं हसत होती. मंदाही हसली. मला बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी मी पहाटे तिच्याबरोबर गेलो. स्वतः उठून! मंदानं स्वतःची एक जुनी साडी झाडाखाली अंथरली. तिच्या कोपऱ्याला तिनं तो जांभळा तुकडा शिवला होता, खाकी ठिगळासकट. फुलं टपटप पडत होती. वेचता वेचता ती मायबद्दल बोलत होती, माय मोहा वेचताना काय गुणगुणायची, फुलाचा देठ कसा बोटानं उडवायची, आणि एकदा अस्वल आलं तेव्हा त्याला कशी म्हणाली होती, "तू तिकडलं झाड घे, हे माहं हाय." मी मान हलवली नाही. "हं" म्हणालो नाही. उपाय सांगितला नाही. प्राण कानांत आणून ऐकत राहिलो. असं मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

मंदा बोलायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही म्हणणार, किती बदलले तुमी.

"मी काय म्हटलं आताच?" तिनं विचारलं.

मी एकेक शब्द म्हणून दाखवला. गुणगुणणं, देठ, अस्वल, सगळं. एक अक्षर चुकलो नाही.

"ते झालं," ती म्हणाली. "त्याच्यानंतर तीनदा म्हटलं, पाय उचला. केव्हाचे बाईच्या ठिगळावर उभे हाय तुमी."